घरासाठी फायर एक्स्टिंग्विशर कोणतं घ्यावं? आणि अजून काय काय बघावं?

पाचवा_मजला

नमस्कार मंडळी, ठाण्यात राहतो, बिल्डिंग १९९८ची, सात मजली, आम्ही पाचव्यावर. घरात आम्ही दोघं, मुलगी दुसरीत आणि आई, वय ७४, गुडघे गेलेले, जिना उतरायचा म्हणजे एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत. मागच्या आठवड्यात शेजारच्या सोसायटीत मीटर रूममध्ये शॉर्टसर्किट झालं, सुदैवाने कुणाला काही झालं नाही पण जिन्यात एवढा धूर कोंडला की वरच्या मजल्यांवरची माणसं बराच वेळ गॅलऱ्यांत उभी. तेव्हापासून बायको मागे लागलीय की आपल्या घरात काहीतरी पाहिजे.

ऑनलाइन बघायला गेलो तर डोकं फिरलं. अर्ध्या लिटरच्या स्प्रेपासून सहा किलोच्या सिलिंडरपर्यंत सगळं आहे, एबीसी पावडर, सीओटू, क्लीन एजंट, फोम, शिवाय आगीत टाकायचे बॉलसुद्धा निघालेत म्हणे. नेमकं कुठलं घेऊ? किती किलोचं? लावायचं कुठे, किचनमध्ये की दारापाशी? स्मोक डिटेक्टर आपल्या घरात चालतो का, की फोडणी टाकली की बोंबलतो?

घरात काय काय आहे ते सांगतो म्हणजे अंदाज येईल: गॅस सिलिंडर (पाइप गॅस अजून आमच्या गल्लीत आलेला नाही), दोन एसी, एक गीझर, लाकडी देव्हारा, गॅलरीला आणि बेडरूमच्या खिडकीला बॉक्स ग्रिल. वायरिंग बिल्डरचंच आहे, त्याला हात लावलेला नाही. जिन्यात सोसायटीची लाल नळकांडी टांगलेली आहेत पण त्यांच्यावरचं लेबल वाचायला गेलो तर रंग मारताना पेंटरने त्यावरूनच ब्रश फिरवलाय 😀

बजेट पाच-सहा हजार. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

तारजोड

एक्स्टिंग्विशरचं नंतर बघू, आधी एसीच्या एमसीबीचा (जास्त करंट ओढला की आपोआप पडणारा स्विच) फोटो टाका. मी इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर आहे, डोंबिवली-कल्याण-ठाणे पट्ट्यातच कामं करतो, आणि १९९८ची बिल्डिंग + ओरिजिनल वायरिंग + नंतर लावलेले दोन एसी हे वाचूनच कळलं काय असेल ते. त्या काळात बिल्डरने वन बीएचकेला जेमतेम एक गीझर धरून वायर ओढलेली असते. नंतर एसी आला की एसी लावणारा पोरगा जवळच्या पॉवर प्लगमधून लाइन घेतो आणि निघून जातो. मे महिन्यात एमसीबी पडायला लागला की लोक गल्लीतल्या वायरमनला बोलावतात, तो १६ अँपिअरचा काढून ३२चा बसवतो, मग पडायचा बंद होतो आणि सगळे खूश. अहो पण तो वायर वाचवायला पडत होता ना, आता तो पडत नाही म्हणजे भिंतीतली वायर तापतेय आणि तुम्हाला कळतच नाहीये.

साधा हिशोब असा की गीझर २००० वॅटचा असेल तर साधारण ९ अँपिअर ओढतो, आणि तेवढा वेळ सलग ओढतो. लाइट-पंख्याला दीड स्क्वेअर एमएम चालते, गीझरला अडीच, एसीला चारची वायर ओढून घ्या आणि प्रत्येकाचा वेगळा एमसीबी, वायरच्या जाडीला शोभेल असा. एमसीबीबरोबर आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच) आहे का ते बघा, ३० मिलिअँपिअरचा, त्याच्यावर छोटं टेस्टचं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबायचं, खटकन पडला पाहिजे. नसेल तर बसवून घ्या, शॉक बसण्यापासूनही तोच वाचवतो.

आता घरच्या घरी बघायचं ते. पॉवर प्लगच्या भोकांपाशी प्लास्टिक पिवळं-तपकिरी पडलंय का, पिन काढल्यावर हाताला गरम लागते का, मच्छी जळल्यासारखा वास कधी येतो का (स्विच-सॉकेटचं प्लास्टिक तापलं की बऱ्याचदा तसाच वास येतो, आणि घरची मंडळी शेजाऱ्यांकडे बोंबील भाजतायत समजतात). यातलं काहीही असेल तर तो पॉइंट आजपासून बंद. बहुतेक वेळा आत स्क्रू सैल झालेला असतो, दहा मिनिटांचं काम आहे. आणि एक्स्टेंशन बोर्डावर इस्त्री, हीटर, मायक्रोवेव्ह नको, तो फोन-लॅपटॉपसाठी ठेवा. गालिच्याखालून वायर नेली असेल तर ती पण काढा, खाली तापलेली दिसत नाही.

तुमच्या पाच-सहा हजारांतले आधी इथे घाला असं माझं स्पष्ट मत, मग उरले तर बाटली घ्या.

फोडणीची_मिरची

तारजोड यांचं बरोबर असेलही पण घरातल्या बायकांना विचारा, पेटतं ते आधी गॅसच्या ओट्यावर. कढईत तेल तापत ठेवलं, तेवढ्यात दाराची बेल वाजली, कुरिअरवाला ओटीपी मागतोय, तो येता येत नाहीये, इकडे तेलाने पेट घेतला. अशा वेळी करायचं एवढंच, गॅस बंद आणि वर झाकण. झाकण सरकवत आणायचं, वरून आपटायचं नाही. मोठं ताट, परात, तवा, जे सपाट आणि धातूचं हाताशी असेल ते. मग ते पूर्ण गार होईपर्यंत उघडून बघायचं नाही, लोक उत्सुकतेने उघडतात आणि परत भडकतं. कढई उचलून सिंकमध्ये किंवा गॅलरीत न्यायची नाही, नेताना अंगावर सांडते.

पाणी अजिबात नाही!! पाणी तेलाच्या खाली जातं आणि क्षणात वाफ होतं, वाफ म्हणजे जागा हजार-दीड हजार पट, ती सगळं पेटतं तेल छतापर्यंत उडवते. हे आमच्या सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "आग म्हणजे पाणीच टाकायचं, आम्ही काय आग बघितली नाही का." तेव्हा घरात सगळ्यांना बसवून सांगा, कामाला येणाऱ्या ताईंना पण, खरं तर त्यांना आधी कारण ओट्याशी जास्त वेळ त्या असतात.

पावडरचं एक्स्टिंग्विशर तेलावर जवळून मारलं तर त्या जोरानेच तेल उडतं. म्हणून किचनसाठी फायर ब्लँकेट घ्या, ते ओट्याच्या वर नाही, बाजूच्या भिंतीला टांगायचं, नाहीतर आगीवरून हात घालून काढावं लागेल.

सिलिंडरचं थोडक्यात: नारिंगी सुरक्षा ट्यूब, आयएसआयवाली, तिच्यावर तारीख असते, पाच वर्षांनी बदलायचीच. ट्यूबवर कव्हर चढवून सजवू नका, आत चीर पडलेली दिसत नाही. सिलिंडर उभाच, शेगडी त्याच्यापेक्षा वर. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर आतल्या बाजूला ए, बी, सी, डी आणि वर्ष लिहिलेलं असतं, ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून असं पुढे, ती टेस्टिंगची मुदत असते, उलटून गेली असेल तर तो सिलिंडर दारातूनच परत करायचा. रात्री झोपताना रेग्युलेटर बंद, शेगडीचं बटण बंद करून भागत नाही.

वास आला तर: हा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली जमिनीलगत पसरतो, म्हणून दारं-खिडक्या उघडायच्या, रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपी लावायची आणि सगळ्यांना बाहेर. लाइट लावायचा नाही, चालू असलेला बंदसुद्धा करायचा नाही, एक्झॉस्ट फॅन तर मुळीच नाही. फोन बाहेर जाऊन करा, गॅसगळतीचा नंबर १९०६, चोवीस तास असतो. ती टोपी दोऱ्याने सिलिंडरला बांधलेली असते ती कापून टाकू नका, आमच्याकडे ती मुलांच्या खेळण्यांत सापडली.

बंबवाला

मी अग्निशमन दलात होतो, आता रिटायर. वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, त्यात भर घालतो.

धागाकर्त्याने ग्रिलचा उल्लेख जाता जाता केलाय. माझ्या दृष्टीने तुमच्या घरातली सगळ्यात काळजीची गोष्ट तीच आहे. आगीत माणूस बहुतेक वेळा भाजून जात नाही, धुराने जातो, आणि धूर आगीच्या पुढे पळतो. जिना धुराने भरला की तुमच्याकडे उरते फक्त गॅलरी. ती चारी बाजूंनी वेल्डिंग करून बंद केलेली असेल तर शिडी लावून आम्ही बाहेर पोचतो आणि आधी कटर चालवत बसतो. आतला माणूस हातभर अंतरावर असतो. हे मी बघितलेलं आहे, जास्त लिहीत नाही.

ग्रिल काढा असं म्हणत नाही. त्यात दोन बाय दोन फुटांची तरी खिडकी करून घ्या, बिजागरीवर, बाहेर उघडणारी. कुलूप लावायचं असेल तर लावा पण चावी त्याच खोलीत, खिळ्यावर, बाहेरून हात घालून पोचणार नाही पण अंधारात चाचपडत आतल्याला सापडेल अशा जागी. ती जागा घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी. चावी कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवून उपयोग नाही. आणि वर्षातून दोनदा तेल घालून उघडून बघा, पावसाळ्यानंतर हमखास गंजून बसते.

तोच प्रश्न मुख्य दाराचा. रात्री सेफ्टी डोअरला आतून कुलूप घालून चावी उशाखाली घेऊन झोपणारी मंडळी ठाण्या-मुंबईत घरटी एक. आतून चावी लागता कामा नये, फिरवायचा नॉब किंवा साधी कडी बसवा.

आता जिन्यात धूर असेल तर काय करायचं, कारण नेमकं इथेच लोक चुकतात. तुमच्या घरात आग नाही आणि दार उघडल्यावर जिना काळा दिसला, तर बाहेर पडू नका. दार लावून घ्या, खालच्या फटीत ओले टॉवेल-चादरी कोंबा, सगळ्यांना दारापासून लांबच्या, गॅलरी असलेल्या खोलीत घ्या, मधलं दार पण लावा, १०१ ला फोन करा. लाकडी दार लावलेलं असलं तर बराच वेळ मिळतो. एका खोलीत आग लागून छत काळंठिक्कर पडलंय आणि शेजारच्या खोलीत, दार बंद होतं म्हणून, कॅलेंडरसुद्धा पांढरं, असं खूपदा दिसतं. म्हणून रात्री झोपतानाही बेडरूमची दारं लावून झोपणं चांगलं. जिना स्वच्छ असेल तर खाली उतरा, लिफ्ट नाही. वर गच्चीकडे पळू नका, धूर पण तिकडेच चाललेला असतो आणि गच्चीला कुलूप असतं, चावी सेक्रेटरीकडे, सेक्रेटरी गावाला.

तुमच्याच घरात आग लागली तर बाहेर पडताना दार ओढून घ्या, उघडं टाकून पळू नका. त्या एका दाराने वरच्या मजल्यांची माणसं वाचतात.

ओलं फडकं नाकाला लावा म्हणतात ते ठीक आहे, काजळी अडते, डोळ्या-घशाची आग कमी होते. ऑगस्ट २०१८ मध्ये परळच्या क्रिस्टल टॉवरला आग लागली तेव्हा दहा वर्षांच्या एका मुलीने शाळेत शिकवलेलं आठवून शेजारपाजाऱ्यांना हेच करायला लावलं होतं, तिला त्यासाठी शौर्य पुरस्कार मिळाला. पण कार्बन मोनॉक्साइड फडक्याने अडत नाही, तेव्हा फडकं आहे म्हणून धुरात शिरू नका. खाली वाकून, गुडघ्यांवर चाला, चांगली हवा जमिनीलगत असते.

गिरगावकर_जुना

बंबवाले साहेब, तुमच्याबद्दल आदर आहे पण हे ग्रिल उघडं ठेवा प्रकरण मला पटत नाही. आग आयुष्यात एकदा लागेल न लागेल, चोर आणि कबुतरं रोजची आहेत. आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावर पाइपवरून चढून चोरी झालेली आहे. शिवाय लहान मूल घरात असताना ग्रिलला उघडणारी खिडकी ठेवायची म्हणजे आगीतून फुफाट्यात! त्यापेक्षा दोन एक्स्टिंग्विशर ठेवा, एक आत एक बाहेर, आग लागली की लगेच विझवा, बाहेर पडायची वेळच येऊ नये.

बंबवाला

@गिरगावकर, उघडं ठेवा म्हटलं नाही, उघडता येईल असं ठेवा म्हटलं. कुलूप घालाच, चावी मुलाच्या हाताला लागणार नाही एवढ्या उंचीवर. चोराला कुलूप तोडावं लागतं तसं वेल्डिंगही कापावंच लागतं, त्याच्या दृष्टीने फरक थोडाच पडतो.

आणि दोन एक्स्टिंग्विशरांबद्दल, घरगुती दोन किलोचं नळकांडं दाबून धरलं तर दहा-बारा सेकंदांत रिकामं होतं. दोन असली तर वीस-बावीस. कचऱ्याची बादली, पडद्याचं टोक, पेटलेला प्लग एवढ्यासाठी ते उत्तम, सोफा किंवा गादी पेटल्यावर नाही. आग तुमच्या कमरेच्या वर गेली, किंवा नळकांडं संपलं तरी विझली नाही, की विषय संपला, माणसं घ्या आणि बाहेर. दुसरं आणायला आत जाऊ नका.

आणि बाहेर पडायची वेळ येऊ नये म्हणता, पण आग तुमच्या घरात लागलेलीच असेल असं कुठे आहे? ६ ऑक्टोबर २०२३ ला गोरेगावात पहाटे लागलेली आग खाली पार्किंगमध्ये सुरू झाली होती, तिथली वाहनं आणि कपड्यांच्या चिंध्या पेटल्या आणि धूर वर गेला. वर झोपलेल्यांनी घरात कितीही नळकांडी ठेवली असती तर काय उपयोग होता?

धागाकर्ते, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर: एबीसी पावडर (लाकूड-कापड, तेल आणि गॅस अशा तिन्ही आगींवर चालणारी), दोन किलो (चार किलोचं आई आणि वहिनींना उचलून धरता येणार नाही), आयएसआय खूण बघून. लावायचं किचनमध्ये नाही, किचनमधून बाहेर पडण्याच्या वाटेवर, म्हणजे तुमची पाठ कायम दाराकडे राहील. पिन ओढायची, नळी ज्वाळेच्या बुडाकडे, दाबायचं, झाडू मारल्यासारखं डावीउजवीकडे. काटा हिरव्यात आहे का ते महिन्याला बघायचं आणि नळकांडं उलटसुलट करून हलवायचं, पावडर खाली दगडासारखी बसते. बॉल वगैरे सोडून द्या. सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचं, बंद खोलीत घरी नको.

शेतावरून

शहरातली चर्चा वाचून बरं वाटलं पण आमच्याकडं तालुक्याहून गाडी यायची तर तोवर सगळं भस्म. उन्हाळ्यात कडब्याची गंजी गोठ्याला चिकटून रचू नका एवढंच मी लोकांना सांगत असतो. शेजारी पाचट पेटवतंय आणि वारं सुटलं की ठिणगी कुठं जाईल सांगता येत नाही. दोन-तीन पिंपं पाण्यानं भरून, वाळूच्या बादल्या, आणि रात्री जनावराचं दावं सरकफासाचं बांधायचं, गाठ मारायची नाही, म्हणजे अंधारात ओढलं की सुटतं. पैल्यांदा विसरतो ती गोष्ट म्हणजे मोटरचं स्टार्टर, लाइट गेली तर पाणी कशानं काढणार? एक टाकी भरलेली पाहिजेच.

पाचवा_मजला

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काय काय झालं ते सांगतो.

तारजोड साहेब, तुम्ही ज्योतिषी आहात का? डीबी (एमसीबी असतात तो डबा) उघडला, हॉलच्या एसीची लाइन गीझरच्या पॉइंटवरून घेतलेली आणि वर ३२चा एमसीबी. आरसीसीबी नावाचं काहीच नाही. वायरमन शनिवारी येतोय, तोवर गीझर आणि एसी एकाच वेळी लावायचा नाही असं ठरलंय, बायकोने स्विचवर चिकटपट्टी लावलीय.

ग्रिलचं काम फॅब्रिकेटरला दाखवलं, त्याने बेडरूमच्या ग्रिलमध्ये खिडकी करून द्यायचे अडीच हजार सांगितले. दाराचं लॅच बदललं. आईची उशाखालची चावी मात्र सुटता सुटत नव्हती.

खरा वाद देव्हाऱ्यावरून झाला. आई संध्याकाळी समई लावते ती रात्रभर राहावी अशी तिची इच्छा, देव्हारा लाकडी, मागे मखमली पडदा, वर झेंडूची सुकलेली माळ. दिवा फुंकून विझवणं तिला अजिबात चालत नाही. मला काय सांगावं सुचेना. इथे कुणाकडे तोडगा आहे का?

आणि अजून एक, आमच्या खालच्या मजल्यावरचे एक जण इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी काढून घरात आणतात आणि रात्रभर दाराशेजारी चार्जिंगला लावतात. हे बरोबर आहे का? त्यांना सांगायला गेलं तर वाईटपणा येतो.

फोडणीची_मिरची

समईचा तोडगा सोपा आहे हो. तेल मोजून घाला, जेवणं-आवराआवर होईपर्यंत पुरेल एवढंच, ती आपली आपण शांत होते, कुणी फुंकायला नको. किती तेलाला किती वेळ हे दोन संध्याकाळी बघितलं की कळतं. समई देव्हाऱ्याच्या आत नको, खाली जमिनीवर पितळी परातीत, परातीत थोडं पाणी. पडदा काढा आणि माळ रोजच्या रोज. रात्रभर हवाच असेल तर छोटा लाइटचा दिवा लावतात पुष्कळ जण. आणि आईंना उंदराचं सांगा! पेटती वात तोंडात धरून उंदीर पळतो, तुपाची असली तर हमखास. आमच्या आजोळी माळ्यावरचं गवत तसंच पेटलं होतं, तेव्हापासून तिकडे निजायच्या आधी देवघरात दिवा ठेवत नाहीत. माझं सांगणं ऐकणार नाहीत पण उंदराचं ऐकतील.

हो, आणि ओट्यापाशी नायलॉनचा गाऊन आणि लोंबती ओढणी नको, सुती कपडे. अंगावरच्या कपड्यांनी पेट घेतला तर पळायचं नाही, खाली पडून लोळायचं, दुसऱ्याने घोंगडी नाहीतर जाड सुती चादर गुंडाळायची. भाजलेल्या जागेवर नळाचं साधं पाणी वीस मिनिटं सोडून धरायचं, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, शाई तर नाहीच नाही. अंगठी-बांगड्या लगेच काढा, सूज आली की निघत नाहीत.

जर्सीसिटी_मुक्काम

स्मोक डिटेक्टरबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. इकडे ते घरात सक्तीचेच असतात आणि हो, फोडणीला बोंबलतात 😅 मोहरी तडतडली की घरातलं एक माणूस टॉवेल घेऊन त्याच्याखाली वारा घालायला उभं असतं, ही इथल्या प्रत्येक मराठी घरातली ड्युटी आहे. काही लोक वैतागून बॅटरीच काढून ठेवतात आणि मग त्या यंत्राला अर्थच उरत नाही. म्हणून किचनच्या दाराशी लावू नका, बेडरूमच्या बाहेर पॅसेजमध्ये छताला लावा, फोटोइलेक्ट्रिक प्रकारचा घ्या, तो स्वयंपाकाच्या धुराला तुलनेने कमी दचकतो. किचनला हवाच असेल तर हीट डिटेक्टर, तो तापमानावर चालतो. बॅटरीवरचे सुटे मिळतात, भिंत फोडावी लागत नाही. दिवसा माणसाला वास येतो, झोपेत येत नाही, त्यासाठी हे यंत्र. बॅटरी कधी बदलायची हे लक्षात राहत नसेल तर गुढीपाडवा आणि दसरा या दोन दिवशी टेस्टचं बटण दाबायचं असं ठरवून टाका.

मुलीला आवाज ऐकवून ठेवा. लहान मुलं घाबरली की कॉटखाली, कपाटात लपतात आणि हाक मारली तरी ओ देत नाहीत.

तारजोड

स्कूटरच्या बॅटरीचं: बाहेर पडायच्या वाटेवर चार्जिंग कधीच नाही, हा पहिला नियम, कारण ती पेटली तर दारच बंद. लिथियम बॅटरी एक सेल बिघडला की शेजारच्याला तापवते, मग साखळी लागते, वाफा निघतात आणि ती विझली वाटली तरी परत पेटू शकते. २०२२ साली पुण्यासकट देशात बऱ्याच ठिकाणी स्कूटरी पेटल्या त्यानंतर सरकारने एआयएस-१५६ ची बॅटरी चाचणी कडक केली. तेव्हा बॅटरी त्या मानकाची आहे का, चार्जर कंपनीचाच आहे का ते बघायला सांगा. फिरून आल्या आल्या गरम बॅटरी लावायची नाही, रात्री झोपेत लावायची नाही, फुगलेली किंवा आपटलेली तर घरात आणायचीच नाही.

वाईटपणा नको असेल तर सोसायटीकडून पार्किंगमध्ये मीटर रूमपासून लांब स्वतंत्र एमसीबी-आरसीसीबीचा चार्जिंग पॉइंट मागा. त्यांना खाली सोय मिळाली तर ते वर कशाला आणतील? बॅटरी दहा-बारा किलोची असते, हौसेने कुणी उचलत नाही.

बंबवाला

सोसायटीचा विषय निघालाच आहे तर त्या रंग मारलेल्या नळकांड्यांचं बघा. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतली यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकांची आणि राहणाऱ्यांची आहे, आमच्या खात्याची नाही. लायसन्स असलेल्या एजन्सीकडून तपासून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, द्यावा लागतो. एजीएममध्ये (सोसायटीच्या वार्षिक सभेत) उभं राहून एवढंच विचारा की मागचा फॉर्म बी दाखवा. पार्किंगच्या वादावर तीन तास भांडणारी माणसं या प्रश्नाला गप्प होतात.

कागद आला तरी डोळ्यांनी बघा. हायड्रंटच्या (आग विझवायला पाणी घ्यायच्या नळाच्या) लाल पाइपला पाणी आहे का, पितळी नोझल जागेवर आहेत का (चोरीला जातात, भंगारात भाव येतो), पंपाचा स्विच मॅन्युअलवर टाकून ठेवलाय का. इलेक्ट्रिक डक्टमध्ये चपला, झाडू, जुन्या ट्यूबलाइटी, पेपरची रद्दी असते, ती काढायला लावा. जिन्यातली सायकल आणि चपलांचं कपाट, धुरात माणूस त्यावर अडखळून पडतो. गेटजवळ बंब वळेल एवढी जागा रात्री मोकळी असते का तेही बघून ठेवा.

१०१ किंवा ११२ ला फोन केला की आधी पत्ता सांगा. गडबडीत लोक "आग लागली, लवकर या" म्हणून ठेवून देतात. विंग, मजला, जवळची खूण, काय पेटलंय, कोण अडकलंय, आणि समोरच्याने ठेवल्याशिवाय फोन ठेवू नका. तुमच्या बाबतीत "पाचव्या मजल्यावर चालता न येणाऱ्या वृद्ध बाई आहेत" हे वाक्य आधी.

आईंसाठी अजून एक. त्यांना गॅलरीच्या बाजूची खोली द्या, जिन्याच्या बाजूची नाही. एक प्लास्टिकची हलकी हातवाली खुर्ची घरात ठेवा, दोन माणसांनी पुढून-मागून धरून जिना उतरवता येतो, शेजारच्या तरुण पोरांना एकदा करून दाखवा. रिकाम्या खुर्चीवर आधी सराव करा, आणि मग आईंना बसवा, त्या हसतील पण बसतील.

पाचवा_मजला

उंदीर चालला!! आई म्हणाली, "हो, आमच्या वाड्यात पण झालं होतं," आणि स्वतःच पडदा काढून दिला. समई आता परातीत.

खोल्यांची अदलाबदल मात्र तिला मान्य नाही, तिचा टीव्ही हलवावा लागतो. बघू. खुर्चीचा प्रयोग रविवारी समोरच्या दोन पोरांना घेऊन करणार आहे. फॉर्म बी विचारला, सेक्रेटरी म्हणाले शोधून सांगतो.

दोन किलोचं एबीसी आणि ब्लँकेट ऑर्डर केलं. बजेट अर्थातच गेलं, वायरिंगचं एस्टिमेट बघून गेलंच.

गिरगावकर_जुना

चावीचा मुद्दा घरात मांडला, सौ. बंबवाल्यांच्या बाजूने निघाल्या, त्यामुळे माझं मत आता विचारात घेतलं जात नाहीये. ग्रिलला खिडकी करतोय. धागाकर्ते, त्या फॅब्रिकेटरचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का, आणि तो ठाण्याच्या बाहेर येतो का? आमच्याकडचा चार हजार सांगतोय आणि वर म्हणतो बिजागरी तुम्हीच आणा. कबुतराची जाळी त्या खिडकीवरून कशी घ्यायची तेही त्याला विचारा, जाळी तशीच ताणून बांधली तर खिडकी उघडणार कशी?

बंबवाला

जाळी खिडकीच्या चौकटीला वेगळी बांधायची, बाकीच्या जाळीला शिवायची नाही. खिडकीबरोबरच उघडते.